बरबटीवरचा धर्मप्रश्न

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची गोष्ट येते. चोरांनी त्यांच्या आश्रमात चोरीचा माल दडवला. ऋषींचं मौन होतं, म्हणून पाठलाग करत आलेल्या शिपायांना ते काही बोलले नाहीत, आणि राजाने चोरांच्या रांगेत त्यांनाही सुळावर चढवलं. तपाच्या बळावर ते जगले. राजाला चूक उमगली, पण सूळ काही निघेना. शेवटी तो कापावा लागला आणि त्याचं टोक अंगातच राहिलं. ऋषींनी थेट यमधर्माला गाठून विचारलं, हे कशाचं फळ? उत्तर आलं: लहानपणी तुम्ही किड्याच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होती.

ऋषी भडकले. अपराध केवढा, शिक्षा केवढी! त्यांनी धर्मालाच शाप दिला, तोच पुढे विदुर होऊन जन्मला. आणि जाता जाता एक कायदाही करून टाकला: चौदा वर्षं पुरी होईपर्यंत केलेल्या कर्माचं पाप लागणार नाही.

किड्याला टोचण्यात काही वावगं नाही, असं मांडव्य म्हणाले नाहीत. त्यांनी अजाण हाताला सूट मिळवून दिली, एवढंच. मग प्रश्न उरतो चौदा वर्षांवरच्या अजाणांचा. पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला चाळिशीतला माणूस, ज्याला आपण नेमकं कुणाला मारतोय हे ठाऊक नाही, त्याचा हिशेब यमधर्माने कुठल्या वहीत लिहावा?

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुराणातला राहत नाही. पावसाळ्यात इथलं वावर म्हणजे पऱ्हाटी (कपाशी), मधूनमधून तुरीचं तास, आणि ओळींच्या कडेने किंवा धुऱ्यावर घरच्या बाईने टोकलेली बरबटी, अंबाडी, भेंडी, काकडी, एखादा वालाचा वेल. पुण्या-मुंबईकडे जिला चवळी म्हणतात ती ही बरबटी. कापूस विकायचा, बरबटी घरच्या कालवणाची. भाद्रपद लागला की तिच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चिकटतो. त्या माव्यात कुठेतरी एक काळपट, खरबरीत, सहा पायांचा, पाठीवर नारिंगी ठिपके असलेला जीव फिरत असतो. मगरीचं पिल्लू कुणी नखाएवढं करून सोडावं तसा. इतका कुरूप की बघणाऱ्याची चिमूट आपोआप पुढे होते. ती असते ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी. मावा खाऊनच ती वाढते. चिमटीत ती मरते आणि मावा वाचतो.

ही झाली चिमटीची गोष्ट. पंपाची गोष्ट २०१७ ची आहे. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, डोक्याशी लागत होती. गुलाबी बोंडअळीची धास्ती होती. दोन-तीन औषधं एकत्र कालवून, दमट उकाड्यात, तोंडाला फार तर रुमाल बांधून फवारे मारले गेले. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले, आणखी शेकडो जण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि इतर दवाखान्यांत दाखल झाले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर या भागात तात्पुरती बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉसही होतं. भाजीपाल्यावर ते वापरायला देशात त्याच्या कितीतरी आधीपासून मनाई होती. पण पऱ्हाटीच्या वावरातल्या बरबटीला कायदा भाजीपाला समजतो की कापूस, हे कागदावरून कळत नाही. फवारा दोघांवर सारखाच पडतो.

माणसं मेली तिथे किड्यांच्या पापपुण्याची चर्चा काढणं काहींना निर्दय वाटेल. पण दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे: समोर कोण आहे हे न बघता मारण्याची सवय.

शेती आणि हिंसा यांचं नातं भारतीय परंपरेने लपवलेलं नाही. वनपर्वातला धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकतो. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला येतो, तेव्हा तो त्याला सुनावतो की लोक शेतीला चांगली म्हणतात खरी, पण नांगर जमिनीत झोपलेले किती जीव मारतो ते बघा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातही लोखंडी तोंडाच्या अवजाराने भूमी आणि भूमीतले जीव मरतात म्हणून शेती वर्ज्य सांगितली आहे, तीही वरच्या वर्णांना. ही व्यवस्था मोठी सोयीची. पाप कुणब्याच्या नांगराला, धान्य आपल्या कणगीला. तेच मनू घरातल्या चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर या पाच जागी रोज जीव मरतात असं सांगून त्यावर पंचमहायज्ञांचा उतारा देतात, तेव्हा ते अधिक प्रामाणिक वाटतात. तिथे निदान स्वतःचं घर सुटलेलं नाही.

लोकाचाराने याहून साधा मार्ग काढला. नागपंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, घरात चिरायचं-कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. वर्षातला एक दिवस जमिनीतल्या जिवांना अभय. उरलेल्या दिवसांचं काय, हे विचारायचं नसतं.

सगळ्यात बारकाईने विचार केला तो जैनांनी. जैन शेती करत नाहीत ही समजूत कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन शेतकऱ्यांना हसू आणणारी आहे. शिवाय जैन परंपरेप्रमाणे माणसाला शेती शिकवली ती पहिल्या तीर्थंकरांनीच, ऋषभदेवांनी. गृहस्थासाठी जैन आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार मानले. ठरवून केलेली ती संकल्पी. रांधण्या-झाडण्यात घडणारी आरंभी. पोटापाण्याच्या धंद्यात घडणारी उद्योगी. स्वतःच्या बचावात घडणारी विरोधी. पहिली श्रावकाला पूर्ण वर्ज्य, बाकीच्या तीन अटळ म्हणून मर्यादेत क्षम्य. नांगराखाली गांडूळ मरतं ती उद्योगी हिंसा. मग ढालकिड्याच्या अळीला चिरडणं कोणती? मारण्याचा संकल्प होता, पण तो दुसऱ्याला मारण्याचा. हत्या ठरवून झाली आणि चुकूनही झाली. चार खणांच्या या पेटीत तिला जागा सापडत नाही.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा झाल्यापासून विदर्भाच्या गावागावांत बौद्ध शेतकरी, शेतमजूर आहेत. त्यांच्याकडे या प्रश्नाला आणखी एक उत्तर आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या पश्चात १९५७ मध्ये निघाला. त्यात ते अहिंसेला नियम नव्हे, तत्त्व मानतात. मारण्याची हौस आणि मारण्याची गरज यांत ते फरक करतात. बुद्धाने निषेध केला तो पहिलीचा, आणि गरज कुठे आहे हे ज्याने-त्याने विवेकाने ठरवायचं. नांगरणाऱ्याला हे उत्तर मनूच्या उत्तरापेक्षा कितीतरी मानाने वागवतं. त्याला पापी ठरवत नाही, विचार करणारा मानतो.

पण गरज ठरवायची तर समोर कोण आहे हे कळायला हवं. विवेकाची सगळी इमारत इथे पानामागच्या दोन मिलिमीटरच्या जिवावर येऊन टेकते. तो मावा खाणारा आहे की पान खाणारा, हे न कळता गरज आणि हौस यांतला फरक करता येत नाही; मग उरते ती फक्त भीती. किडे ओळखणं हे कृषी खात्याच्या पत्रकातलं एक कलम वाटतं. प्रत्यक्षात ती अहिंसेच्या शास्त्राची पहिली पायरी आहे, आणि धर्मग्रंथांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलेलं नाही.

ती पायरी अवघडही आहे, कारण भाजीच्या झाडावर रूप आणि गुण यांचा मेळ क्वचितच बसतो. वांग्याच्या पानावर ठिपक्यांचा गोल भुंगेरा दिसला तर तो ढालकिडाच, असं पुस्तक वाचून आलेला उत्साही माणूस सांगून मोकळा होतो. तो बरेचदा हड्डा भुंगेरा असतो, अठ्ठावीस ठिपक्यांचा; ढालकिड्यांच्याच कुळातला, पण पानाचा हिरवा गर खरवडून मागे नुसती जाळी ठेवणारा. फरक आहे तो चकाकीत. माव्यावर जगणाऱ्या ढालकिड्याची पाठ तुकतुकीत, हड्ड्याची मळकट, बारीक लव असलेली. हड्ड्याची अळी पिवळी आणि अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची. अंडी दोघांचीही पिवळी, पुंजक्याने उभी लावलेली. ती कुणाची हे ठरवायला आजूबाजूला बघावं लागतं: भोवती मावा आहे, की पान खरवडलेलं आहे? नुसत्या रूपावरून निकाल देता येत नाही, परिस्थितीचा पुरावा लागतो.

सिरफिड माशीचं असंच. अंगावर पिवळे-काळे पट्टे, एका जागी हवेत तरंगत राहणारी, गांधीलमाशीचं सोंग घेतलेली. तिला डंख नसतो. तिची अळी मात्र हिरवट, बिनपायांची, बिनडोक्याची वाटणारी. ती माव्याच्या वसाहतीत शिरून एकेक मावा उचलून रिकामा करते. शेंगा तोडताना ती बोटाला लागली तर बायका शिसारी येऊन झटकतात. क्रायसोपा या कीटकाची अंडी केसासारख्या बारीक देठांवर उभी असतात, पानाला बुरशी आली असं वाटावं. देठ कशासाठी? आधी फुटलेल्या पिल्लाने शेजारची भावंडं खाऊन टाकू नयेत म्हणून. माव्याच्या गर्दीत काही मावे फुगून सोनेरी-तपकिरी, कडक झालेले दिसतात, पाठीवर गोल भोक. त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशी वाढून बाहेर पडून गेलेली असते. अशा पानावर फवारा मारणं म्हणजे आधीच मेलेल्याला मारून, मारणाऱ्याला वारणं.

वांग्यावरच्या काळ्या भुंग्याचं प्रकरण वेगळंच. वांग्याच्या फुलातला पुंकेसर टोकाला बारीक छिद्राने उघडतो. परागकण बाहेर यायला फूल थरथरावं लागतं. मधमाशीला ते जमत नाही. लाकूड पोखरून राहणारा मोठा भुंगा फुलाला लटकून अंग गुणगुणवतो आणि पराग झडतात. त्याच्या आकाराला आणि आवाजाला घाबरून पोरं त्याला फडक्याने हाणतात. काकडी, कारलं, दोडका, भोपळा यांच्यात नर-मादी फुलं वेगळी; माशी आली नाही तर मादी फुलामागचं इवलं फळ पिवळं पडून गळतं. मग घरधन्याला ते रोगाने गळालं असं वाटतं आणि तो आणखी एक फवारा मारतो. हा फेरा पुष्कळ परसबागांतून चाललेला असतो.

मुंगळ्यांबद्दल कुणी ठामपणे बोलू नये. ते माव्याचा गोड स्राव चाटायला येतात आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात, ढालकिड्याला हुसकावतात. तेच मुंगळे पलीकडच्या झाडावर कोवळी अळी ओढून नेताना दिसतात.

इथवर सगळं ‘मित्रकीटक’ आणि ‘शत्रुकीटक’ या दोन रकान्यांत बसवता येतं, आणि शेतकी साहित्य तसं बसवतंही. धर्माच्या बाजूने बघणाऱ्याची अडचण खरी इथून सुरू होते. कारण हे मित्र चांगले नाहीत.

चार्ल्स डार्विनने २२ मे १८६० रोजी अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्र लिहिलं. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ला जेमतेम सहा महिने झालेले. जगात सगळीकडे योजना आणि कृपा दिसते असं इतर म्हणतात, आपल्याला तसं स्पष्ट दिसत नाही, हे सांगताना त्यांनी उदाहरण दिलं ते परोपजीवी गांधीलमाशांचं: जिवंत अळीच्या शरीरात वाढून तिला आतून खाणाऱ्या या माशा दयाळू आणि सर्वशक्तिमान परमेश्वराने मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे त्यांना पटेना. ज्या प्राण्याने डार्विनच्या श्रद्धेला तडा दिला, तोच कोबीच्या वाफ्यात शेतकऱ्याचा सगळ्यात विश्वासू मित्र आहे. अळीच्या अंगात अंडी घातली जातात, पिल्लं तिला मरू न देता आतून खात राहतात, मग तिच्या कातडीतून बाहेर येऊन कोष विणतात. काही जातींत तर ती अर्धमेली अळी त्या कोषांभोवती राखणीला बसते. हे बघून हात जोडावेत की डोळे मिटावेत?

हिंदू, जैन, बौद्ध मनाला हा धक्का डार्विनइतका बसत नाही. सृष्टी एका दयाळू हाताने रचली असं इथल्या बहुतेक दर्शनांना गृहीत धरावं लागत नाही. जीव जिवावर जगतो हे इथे जुनं ज्ञान आहे. पण इथल्या मनाची पंचाईत दुसरी आहे. हरियाणात जिंद जिल्ह्यातल्या निडाना गावी डॉ. सुरेंद्र दलाल या कृषी अधिकाऱ्याने शेतकऱ्यांची, पुढे बायकांचीही कीटक पाठशाळा चालवली. तिथल्या बायकांनी मित्र-शत्रू हे रकानेच नाकारले. त्या कीटकांना दोनच नावं देतात: शाकाहारी आणि मांसाहारी. नाव ठेवताना आपला फायदा मधे आणायचा नाही, तो काय खातो एवढंच बघायचं. पण त्यातून काय निघतं बघा. माळकऱ्याच्या, श्रावकाच्या, महानुभावाच्या वावरात पीक खाणारा तो शाकाहारी, आणि पीक राखणारा तो पक्का मांसाहारी. ज्या आहाराला माणसात पुण्य मानलं, तोच पानावर नुकसान ठरतो.

आणखी एक गाठ. अळीवर विष न मारता ट्रायकोकार्ड लावलं, तर ती अहिंसा झाली का? त्या कार्डावर तांदळाच्या पतंगाची साधारण १८ ते २० हजार अंडी चिकटवलेली असतात, प्रत्येकात ट्रायकोग्रामा नावाची मिलिमीटरहून लहान परोपजीवी माशी वाढत असते. पतंग जन्मण्याआधीच संपलेला. शेतात सोडल्यावर ती माशी बोंडअळीच्या, फळ पोखरणाऱ्या अळीच्या अंड्यांत तेच करते. अंडं काळं पडतं. योगसूत्रांत पतंजलींनी आणि जैन आचार्यांनीही हिंसेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि संमती दिलेली. कृत, कारित, अनुमोदित. ट्रायकोकार्ड ही उघड कारित हिंसा आहे. मारेकरी भाड्याने आणलेला. शास्त्राच्या कसोटीवर ती सुटत नाही. तरीही ती निवडावी असं म्हणावंसं वाटतं, कारण ती नेमकी आहे. तिच्यामुळे भुंगा मरत नाही, बरबटी विषारी होत नाही, मजूर दवाखान्यात जात नाही. जैन आचार्यांनी नेमकेपणाला वेगळा खण केला नव्हता. तो करायला हवा होता.

नेमकेपणाचा दुसरा अर्थ संख्येचा आहे. कृषी शास्त्रात आर्थिक नुकसानीची पातळी नावाची कल्पना आहे. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग अडकले, तरच उपाय करायचा. सात सापडले तर थांबायचं. हे नुसतं पैशाचं गणित नाही. त्यात असं गृहीत आहे की एकटा पतंग अपराधी नसतो, आणि काही नुकसान सोसणं हा व्यवहाराचाच भाग आहे. शिवाय मावा अजिबात नसेल तर ढालकिडा येणार कशाला? म्हणूनच कापसाभोवती चवळी लावावी अशी शिफारस कृषी शास्त्रज्ञ करतात: तिच्यावर आधी मावा येतो, त्याच्यामागे ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड येतात आणि तिथून पऱ्हाटीवर उतरतात. म्हणजे बरबटीवरचा काळा मावा बघून जिचा जीव खालीवर होतो, तिच्या घरच्या कालवणाची ओळ हीच साऱ्या वावराची राखणदारी करत असते. शत्रूला थोडा ठेवल्याशिवाय मित्र राहत नाही. मित्र-शत्रूच्या भाषेत हे वाक्य विचित्र वाटतं, तो त्या भाषेचा दोष.

किड्यांना अशी पिकातली वाटणी द्यावी का, यावर माणसांनी खरोखरच खटले चालवले आहेत. आज फ्रान्समध्ये असलेल्या सावोय भागातल्या सें-ज्युलियें गावच्या लोकांनी १५८७ मध्ये द्राक्षमळे खाणाऱ्या भुंगेऱ्यांवर धर्मपीठाच्या न्यायालयात फिर्याद केली. न्यायालयाने किड्यांना रीतसर वकील दिला. त्याने बायबलचाच आधार घेतला: देवाने किडे माणसाच्या आधी निर्माण केले आणि हिरवी पालवी त्यांनाही अन्न म्हणून दिली, मग ते हक्काचंच खातात. गावकऱ्यांनी सभा भरवून किड्यांसाठी वेगळी जमीन देऊ केली. किड्यांच्या वकिलाने ती नापीक म्हणून नाकारली! खटला महिनोन्‌महिने रेंगाळला. निकाल काय लागला ते कळत नाही, कारण कागदपत्रांचं शेवटचं पान उंदरांनी किंवा किड्यांनी कुरतडलेलं आहे.

याला मध्ययुगीन खुळेपणा म्हणून हसणाऱ्यांनी निडानाकडे पुन्हा बघावं. तिथे २०१२ मध्ये शेतकरी विरुद्ध कीटक हा वाद चक्क खाप पंचायतींपुढे गेला. ज्या पंचायती लग्नांवरून बदनाम, त्यांचे पुढारी आठवड्याआड नव्हे, दर आठवड्याला शेतात जाऊन बसू लागले. फरक एवढाच की सें-ज्युलियेंत वकील बोलले, इथे साक्षीपुरावा झाडावर झाला. पान उलटायचं, भिंग धरायचं, कोण काय खातंय ते मोजायचं.

यवतमाळात या दिशेने एकट्याने चाललेल्यांत छोटी गुजरी गावचे सुभाष शर्मा यांचं नाव आधी घ्यावं लागतं. रासायनिक शेतीत तोटा सोसून नव्वदच्या दशकात त्यांनी ती सोडली. झाडं, पक्षी, गाई, माती यांना शेतीचे भागीदार मानत भाजीपालाही पिकवला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या शेतावर माणसं बघायला येतात, थक्क होतात. घरी परतल्यावर बहुतेक जण औषधासाठी कृषी केंद्रातच जातात. त्यांना दोष देणं सोपं आहे. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज आहे, त्याला सातव्या पतंगापर्यंत थांब म्हणणं म्हणजे त्याच्या जोखमीवर आपली अहिंसा पाळणं.

आणि इथे मांडव्यांची वयाची अट पुरी पडत नाही. पतंजलींच्या तीन पायऱ्या जास्त कामाला येतात. पंप पाठीवर घेणारा बरेचदा जमिनीचा मालक नसतो. तो रोजाने किंवा पंपामागे पैसे घेतो. पान उलटून बघायला थांबला तर त्याचा रोज बुडतो. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, पण काम त्याच्या हाती येतं तेव्हा औषध बादलीत कालवलेलं असतं. कृत त्याची. कोणतं औषध, कशात मिसळायचं, हे मालकाने विचारलेलं आणि दुकानदाराने सांगितलेलं असतं. कारित त्या दोघांची. आणि नागपूरच्या, पुण्याच्या भाजीबाजारात जो माणूस वांगं उलटसुलट करून, एकही भोक नाही अशी खात्री करून पिशवीत टाकतो, त्याची अनुमोदित. याच माणसाच्या घरी पूर्वी चातुर्मासात वांगं खात नसत आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू करत. पावसाळी वांग्यात अळी फार म्हणून ही रीत पडली, असं घरोघर सांगतात. खरं असेल तर जुन्या माणसांनी अळीचे चार महिने अळीला सोडून दिले होते. आता वांगं बाराही महिने हवं आणि अळी कधीच नको.

ज्याची हिंसा सर्वांत उघड दिसते, त्याचं ज्ञान आणि अधिकार सर्वांत कमी. २०१७ मध्ये शिक्षाही त्यालाच झाली, आणि ती मांडव्यांच्या सुळापेक्षा हलकी नव्हती.

किडे ओळखायला शिकवायचं कुणाला, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक नाही. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरची ५७ कीटकनाशकं एका आदेशाने बंद केली आणि त्यानंतर गावोगाव शेतीशाळा भरवल्या. तिथे शेतकरी काचेच्या बरणीत किडे ठेवून कोण कुणाला खातो ते स्वतः बघत. निडानाला बायका होत्या, कारण कपाशीत वाकून हातांनी काम त्याच करतात. यवतमाळातही बरबटीच्या शेंगा तोडणारी, निंदणारी, कापूस वेचणारी बाईच झाडाच्या सर्वांत जवळ असते. ढालकिड्याची अळी पहिल्यांदा दिसते ती तिला. सिरफिडच्या अळीची शिसारी येते ती तिलाच. फवारलेल्या वावरातून संध्याकाळच्या कालवणाला शेंगा तोडून नेते तीही तीच. कृषी खात्याच्या प्रशिक्षणाच्या यादीत मात्र बहुतेक वेळा नाव असतं ते सातबाऱ्यावर ज्याचं आहे त्याचं.